शिडाच्या बोटीतून किनाऱ्यालगत आणि अंतर्गत जलमार्गांवर दोघांनीच प्रवास करायचा असल्यास कोणती तयारी करावी?

बोटीपेक्षा माणसांची तयारी महत्त्वाची, असे माझे ठाम मत आहे. एक जण पाण्यात पडला, तर उरलेल्या एकट्यालाच शिडे उतरवून बोट मागे वळवणे, व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर मदत मागणे आणि भिजलेल्या कपड्यांनी जड झालेल्या जोडीदाराला वर घेणे, हे सारे करावे लागते. म्हणून सुकाणू कायम एकाकडे आणि दोर कायम दुसऱ्याकडे, अशी वाटणी करू नये. शांत पाण्यात एखादा फेंडर (धक्क्यावर घासू नये म्हणून बोटीच्या कडेला लटकवतात ती तरंगणारी उशी) टाकून तो परत उचलण्याचा सराव दोघांनीही आळीपाळीने करावा. पहिल्या काही प्रयत्नांत तो बोटीच्या कडेला घासून मागे निसटतो, आणि हे काम किती कठीण आहे ते तेव्हाच कळते.

अंतर्गत जलमार्गांवर पूल आणि उथळ पाणी यांची काळजी घ्यावी लागते. डोलकाठीची उंची अँटेनासह पाण्याच्या पातळीपासून मोजून ठेवावी, कारण भरतीच्या वेळी पुलाखालची मोकळी जागा कमी होते. उथळ भाग मात्र भरती चढत असतानाच ओलांडावा. तळ टेकला, तरी वाढत्या पाण्याने बोट सुटण्याची शक्यता असते.

नांगर टाकताना खोली ४ मीटर, बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची १ मीटर आणि अजून चढणारी भरती २ मीटर असेल, तर एकूण ७ मीटरच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी सोडावी. त्या वेळी ओरडून सूचना देण्याऐवजी हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात शब्द पोहोचत नाहीत.