फोन लागतो, पण अर्ध्या मिनिटात तुटतो

प्रश्न : आमचं कार्यालय आणि गोदाम वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. दोन्हीकडे अ‍ॅस्टरिस्कचा (टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्वतंत्र सर्व्हर आहे. गोदामाच्या सर्व्हरला थेट सार्वजनिक आयपी पत्ता आहे, कार्यालयाचा राउटरच्या मागे आहे. दोघांमध्ये सिप ट्रंक, म्हणजे सिप या इंटरनेट-फोनच्या नियमसंचावर चालणारी लाइन, जोडली. गोदामातून कार्यालयात फोन केला की इथला माणूस उचलतो, त्याचं बोलणं तिकडे ऐकू जातं, पण तिकडचं इथे काहीच ऐकू येत नाही, आणि अर्ध्या मिनिटात कॉल तुटतो. इथून तिकडे केला तर तुटत नाही, आवाज मात्र तसाच एकतर्फी. शिवाय दोन्हीकडची एक्स्टेन्शन (अंतर्गत क्रमांक) १०१ पासूनच सुरू होतात. सिप सोडून आयएएक्स, म्हणजे अ‍ॅस्टरिस्कचाच दुसरा नियमसंच, घ्यावं का?

उत्तर : कॉल किती वेळाने तुटतो ते घड्याळ लावून मोजा. ३२ सेकंद भरतील. कार्यालयात फोन उचलला की तुमचा सर्व्हर ‘२०० ओके’ पाठवतो आणि समोरून ‘अ‍ॅक’ या संदेशाची, म्हणजे पोहोचीची, वाट पाहतो. ती आली नाही तर पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, आणि ठरलेली मुदत संपली की कॉल सोडून देतो. सिपमध्ये ही मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट धरलेली आहे.

पोहोच येत नाही, कारण तुमचा सर्व्हर ‘कॉन्टॅक्ट’च्या ओळीत स्वतःचा १९२.१६८ ने सुरू होणारा अंतर्गत पत्ता लिहून देतो. गोदामाचा सर्व्हर इमानेइतबारे त्याच पत्त्यावर पोहोच पाठवतो आणि ती वाटेत हरवते. आवाजाचंही हेच. संदेशाच्या शेवटी ‘सी’ने सुरू होणारी एक ओळ असते, तिच्यात आवाजाची पाकिटं कुठे पाठवायची ते लिहिलेलं असतं. तिथेही तोच अंतर्गत पत्ता. उलट दिशेने कॉल का तुटत नाही, तेही यातच आलं : तेव्हा पोहोच गोदामाच्या सार्वजनिक पत्त्यावर जायची असते, आणि ती पोहोचते. म्हणजे दोन तक्रारी, दोष एकच, आणि तोही फक्त कार्यालयाच्या बाजूला. खात्री करायची असेल तर कन्सोलवर पीजेसिपचा (अ‍ॅस्टरिस्कमधल्या सिप सांभाळणाऱ्या भागाचा) लॉगर सुरू करून या दोन ओळी डोळ्यांनी वाचा. अंदाजाने दहा सेटिंग बदलत बसण्यापेक्षा ते फार बरं.

दुरुस्ती कार्यालयाच्या पीजेसिपमधल्या ट्रान्सपोर्टच्या भागात करायची. एक्स्टर्नल सिग्नलिंग अ‍ॅड्रेस आणि एक्स्टर्नल मीडिया अ‍ॅड्रेस या दोन्हींत राउटरचा सार्वजनिक पत्ता, लोकल नेटमध्ये तुमचं अंतर्गत नेटवर्क. ट्रंकच्या एंडपॉइंटवर डायरेक्ट मीडिया (आवाज सर्व्हरला वगळून थेट पाठवण्याची सोय) बंद. राउटरवर यूडीपीचे ५०६० (संदेशांसाठी) आणि १०००० ते २०००० (आवाजासाठी) हे पोर्ट सर्व्हरकडे वळवा, पण केवळ गोदामाच्या पत्त्यावरून येणाऱ्यांसाठी. राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ असेल तर तेही बंद करा. मदतीच्या नावाखाली ते संदेशांतले पत्ते परस्पर बदलतं. (तुम्ही अजून पीजेसिपच्या आधीच्या, जुन्या चॅन-सिपवर असाल तर आधी पीजेसिपवर या. अ‍ॅस्टरिस्क २१ मधून चॅन-सिप काढूनच टाकलं आहे.)

माझी स्वतःची पसंती मात्र दोन ठिकाणांमध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी, कूटबद्ध वाट, टाकण्याला आहे. वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. बोलणं उघड्यावरून जात नाही आणि ५०६० जगासमोर ठेवावा लागत नाही. फक्त दोन्हीकडची अंतर्गत नेटवर्क वेगळी हवीत, आणि गोदामाचं नेटवर्कही लोकल नेटमध्ये लिहायला हवं. ते राहिलं तर सर्व्हर व्हीपीएनच्या आतही सार्वजनिक पत्ताच सांगत राहील आणि आवाज पुन्हा गायब होईल.

आयएएक्स वाईट नाही. संदेश आणि आवाज दोन्ही ४५६९ या एकाच यूडीपी पोर्टवरून जातात, त्यामुळे राउटरचा हा त्रास जवळपास उरत नाही. पण उद्या अ‍ॅस्टरिस्कशिवाय दुसरं काही जोडायचं झालं तर त्याला बहुधा सिपच कळेल. दोष सापडलेला असताना सिप सोडू नका.

एक्स्टेन्शन : गोदामाचे क्रमांक २०१ पासून करून टाका. माणसं थोडी असतानाच हे जमतं. अगदीच शक्य नसेल तर पलीकडे फोन करताना आधी ८ दाबायचा आणि डायल करताना डायलप्लॅनमध्ये (कॉल कुठे पाठवायचा त्या नियमांमध्ये) तो पहिला अंक गाळायचा. ‘माहीत नसलेला प्रत्येक क्रमांक पलीकडे पाठव’ असा नियम दोन्हीकडे कधीही लिहू नका. एक चुकीचा क्रमांक दोघांमध्ये फिरत राहतो आणि सगळ्या वाहिन्या अडवतो.

आणि ट्रंकवरून येणाऱ्या कॉलना स्वतंत्र कॉन्टेक्स्ट (डायलप्लॅनमधला वेगळा गट) द्या, ज्यात फक्त तुमची अंतर्गत एक्स्टेन्शन असतील. बाहेरच्या लाइनचा मार्ग त्यात असला, तर एका सर्व्हरमध्ये शिरलेला भामटा दुसऱ्यावरून रात्रभर परदेशी कॉल करू शकतो, आणि बिल तुमच्या नावावर येतं.