उंची वाढेल, पण सांगायचे काय?

"मॅडम, मुलगा पायाची हाडे कापून उंची वाढवायची म्हणतो, त्याला समजवा." समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकले आहे की आता त्यावर लिहिणे भाग आहे. पूर्वी हेच पालक दहावीतल्या मुलाला घेऊन येत आणि लोंबकळण्याची दांडी किंवा जाहिरातीतली पावडर घ्यावी का, असे विचारत. आता स्वतः कमावणारे, पंचविशी ओलांडलेले तरुण येतात आणि परदेशातल्या रुग्णालयाने पाठवलेला खर्चाचा अंदाज मोबाइलवर उघडून दाखवतात.

येथे ज्याला प्रसाद म्हणते आहे, तो अशा अनेकांपैकी एक. त्याचे तपशील मी बदलले आहेत आणि कित्येक भेटींतले बोलणे थोडक्यात आणले आहे. वय २७, हिंजवडीत चांगली नोकरी, उंची ५ फूट ३ इंच. माझ्याकडे चपला-बूट दाराबाहेर काढावे लागतात. तो बराच वेळ दारात घुटमळला. बूट काढले तेव्हा टाचेखाली एकावर एक बसवलेले रबराचे दोन जाड थर दिसले. घरच्या लग्नकार्यात आत्या अजूनही त्याला "टिल्ल्या" म्हणून हाक मारते, आणि स्थळांच्या यादीत "मुलगा किमान ५ फूट ७ इंच" ही अट वाचून तो पुढचे काही वाचतच नाही, एवढे त्याने पहिल्या भेटीत सांगितले.

"शस्त्रक्रियेत नेमके काय करतात, ते तूच मला समजावून सांग," मी म्हटले. उपदेश ऐकायच्या तयारीने आलेल्या माणसाला शिक्षकाच्या जागी बसवले की तो मोकळा होतो, हा माझा जुना अनुभव आहे. प्रसादने सगळे पाठ केले होते. मांडीचे हाड कापायचे, त्याच्या पोकळीत दुर्बिणीसारखा लांबणारा खिळा बसवायचा, आठवडाभर थांबायचे आणि मग बाहेरून चुंबकाचे यंत्र मांडीवर धरून खिळा दिवसाला साधारण १ मिलिमीटर लांबवायचा. दोन टोकांमध्ये पडणाऱ्या फटीत शरीर नवे हाड भरत जाते. हे तत्त्व सैबेरियातल्या कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर पायाबाहेरच्या कड्या वापरून सिद्ध केले. अपघाताने किंवा पोलिओने एक पाय आखूड राहिलेल्या असंख्य लोकांना त्याने नीट चालते केले आहे, त्यामुळे या शस्त्रक्रियेला सरसकट थिल्लर म्हणणे मला मान्य नाही.

"आणि बिघडले तर?" या प्रश्नावर त्याचा वेग मंदावला. ६ सेंटिमीटरसाठी दोन महिने लांबवणे आणि त्यानंतर हाड घट्ट होईपर्यंत आणखी कित्येक महिने, हे त्याला ठाऊक होते. हाड लवकर जुळले तर पुन्हा कापावे लागते आणि जुळलेच नाही तर दुसरीकडचे हाड आणून भरावे लागते, हेही त्याने वाचले होते. पण हाड वाढले तरी स्नायू आणि नसा त्याच वेगाने ताणल्या जात नाहीत, त्यामुळे गुडघा आखडतो, नडगी लांबवली असेल तर टाच जमिनीला टेकेनाशी होते, पायाला मुंग्या येतात, क्वचित चरबीचे कण किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन जिवावर बेतते, हा भाग त्याने घाईघाईत उरकला. पूर्ण भार सोसणारा म्हणून २०१८ मध्ये गाजलेला पोलादी खिळा गंज आणि हाडातील बदल आढळल्यामुळे २०२१ मध्ये बाजारातून काढून घ्यावा लागला, हे मात्र त्याने स्वतःहून सांगितले आणि लगेच म्हणाला, "पण आता टायटॅनियमचा मिळतो." भीती दाखवून याचे मन वळणार नाही, हे मला तेथेच कळले. म्हणून मी सगळे सुरळीत पार पडले असे धरून चालायचे ठरवले.

"समज, दीड-दोन वर्षे गेली. ६ सेंटिमीटर वाढले, खिळेही काढून झाले, तू नीट चालतोस. लग्न ठरते. मांडीवरच्या व्रणांबद्दल तिला काय सांगशील?"

"बाइकवरून पडलो म्हणून."

"दोन्ही मांड्यांना, एकाच जागी?"

तो गप्प झाला. "काहीतरी सांगेन."

"आणि जुने फोटो? लग्नाला येणारे शाळेतले मित्र?"

"त्यांना नाही बोलावणार." हे बोलून त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू ते वाक्य दुसरेच कोणी बोलले होते. बऱ्याच वेळाने, एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, आज मला मी बुटका दिसेन याची भीती वाटते. तेव्हा मी बुटका होतो हे कळेल याची वाटत राहील. आणि आत्याला कसे गप्प करणार?"

त्या दिवशी मी पुढे काहीही विचारले नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी इतकी वर्षे वापरते, ती अशाच क्षणांसाठी. उंच असावे असे वाटणे वेगळे आणि उंच नसेन तर मी लग्नाच्या लायकीचाच नाही असे मानणे वेगळे. पहिल्यावर कदाचित शल्यविशारदाकडे उपाय असेल. दुसरे मत मात्र खिळ्याने लांबवलेल्या पायांवरही तसेच उभे राहते. प्रसादने ते माझ्या सांगण्यावाचून स्वतः पाहिले, याचे मला समाधान आहे.

पालकांना माझे सांगणे असे की "उंचीत काय ठेवले आहे?" हे वाक्य टाळावे, कारण त्याने संवाद संपतो आणि मुलगा गुपचूप पुढे जातो. २०१६ मध्ये हैदराबादेत एका तरुण अभियंत्याने घरी न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि कुटुंबाला तो बेपत्ता असल्याची तक्रार पोलिसांत द्यावी लागली होती. त्या वाक्याऐवजी विचारा, की ३ सेंटिमीटरवर थांबावे लागले तर तुला चालेल का, आणि कोणाकोणाला हे उघडपणे सांगू शकशील? इतरांच्या नजरेला सामान्य वाटणाऱ्या शरीराबद्दल मुलगा दिवसाचे तासन्‌तास आरशात पाहण्यात किंवा मोजमाप करण्यात घालवत असेल, तर मात्र शल्यविशारदाच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटणे गरजेचे आहे. अशा मनाचे शस्त्रक्रियेने सहसा समाधान होत नाही.

प्रसादने शस्त्रक्रिया रद्द केलेली नाही, पुढे ढकलली आहे, आणि तो निर्णय त्याचाच राहील. त्याने वडिलांना सगळे सांगितले. ते रागावतील असे त्याला वाटत होते, त्यांनी आधी खर्च विचारला आणि मग म्हणाले, "तीन महिने तुला संडास-बाथरूमला कोण नेणार, ते ठरवलेस का?" डॉक्टरांना विचारायच्या त्याच्या लांबलचक यादीत हा प्रश्न नव्हता. पुढच्या महिन्यात दोघे येथल्याच एका अस्थिरोगतज्ज्ञांना भेटणार आहेत.