अमेरिकेत विमानप्रशिक्षणासाठी आयपॅड घ्यावा की वेगळे पोर्टेबल जीपीएस?

खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी पुण्याहून ॲरिझोनात येताना टॅब्लेट विकत घ्यावा की गार्मिनचे स्वतंत्र जीपीएस, टॅब्लेट घेतला तर स्वस्तातले वाय-फाय मॉडेल पुरेल का आणि परवाना मिळवून भारतात परतल्यावर त्याचा काही उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी फीनिक्सच्या परिसरात चार आसनांचे सेसना १७२ भाड्याने घेऊन हौसेखातर उडवतो. त्यामुळे माझे उत्तर त्या विमानाच्या कॉकपिटला आणि इथल्या उन्हाला धरून आहे.

थोडक्यात सांगायचे तर सेल्युलर सोय असलेला आयपॅड मिनी घ्यावा, त्यावर फोरफ्लाइट हे हवाई नकाशांचे (चार्टचे) आणि उड्डाण आखण्याचे ॲप टाकावे आणि तेच ॲप त्याच सदस्यत्वावर आपल्या आयफोनवरही तयार ठेवावे. मात्र पैसे देण्यापूर्वी प्रशिक्षणसंस्थेला एक पत्र लिहून त्यांच्याकडे कोणते ॲप वापरतात हे विचारून घ्यावे. बऱ्याच संस्थांचे ॲप ठरलेले असते. प्रशिक्षकाच्या पडद्यावर एक मांडणी आणि तुमच्या पडद्यावर दुसरी असेल, तर पहिले काही आठवडे बटणे शोधण्यातच जातात. फोरफ्लाइट फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालते, गार्मिन पायलट हे ॲप आयपॅड आणि अँड्रॉइड या दोन्हींवर चालते, आणि अवेअर नावाचे मोफत ॲप अँड्रॉइडसाठी आहे. म्हणून आधी ॲप ठरवावे आणि मग यंत्र. लोक बहुधा याच्या उलट करतात आणि दुकानातला सर्वांत मोठा, सर्वांत वेगवान टॅब्लेट उचलून आणतात. चार्ट दाखवण्यासाठी त्या वेगाची गरज नसते.

वाय-फाय मॉडेलचा प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. केवळ वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये उपग्रहांचे संकेत घेणारा रिसीव्हरच नसतो. शहरात तो आसपासच्या वाय-फाय जाळ्यांवरून आपली जागा ओळखतो, पण वाळवंटावर साडेचार हजार फुटांवर अशी जाळी नसतात आणि नकाशावरचे विमान जागच्या जागी थिजते. सेल्युलर मॉडेलमध्ये उपग्रह-रिसीव्हर आतच असतो आणि तो चालण्यासाठी सिम कार्ड किंवा महिन्याचा डेटा प्लॅन लागत नाही. नेटवर्क नसेल तर सुरुवातीला जागा पकडायला थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच. विमानात मोबाइल नेटवर्क बंद ठेवण्यासाठी एअरप्लेन मोड लावला तरी हल्लीच्या आयपॅडमध्ये जीपीएस चालू राहते. २०२४ मध्ये आलेल्या आयपॅड मिनीचे वाय-फाय मॉडेल ४९९ डॉलरपासून सुरू होत होते आणि सेल्युलरला १५० डॉलर जास्त पडत होते.

आता दुसरी बाजू. तुम्ही पुढे-मागे आसपासची विमाने आणि हवामान टॅब्लेटवर दाखवणारा सेंट्री किंवा स्ट्रॅटससारखा एडीएस-बी रिसीव्हर घेणारच असाल, तर त्याच्यात स्वतःचे जीपीएस असते आणि ते आपली जागा टॅब्लेटला बिनतारी पाठवते. तसे असेल तर वाय-फाय मॉडेलही काम भागवते. गार्मिनचा ग्लो २ हा छोटा ब्लूटूथ रिसीव्हरही केवळ जागा दाखवण्यासाठी पुरतो. तरीही माझा कल सेल्युलरकडेच आहे, कारण बाहेरच्या रिसीव्हरची बॅटरी संपली किंवा जोडणी तुटली, तर वाय-फाय आयपॅड त्याच क्षणी आंधळा होतो, आणि विद्यार्थ्याच्या हातात आधीच इतके काम असते की तेव्हा ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये शिरणे परवडत नाही. अँड्रॉइडकडे वळणार असाल तर हे लक्षात घ्या की त्यातल्या अनेक वाय-फाय टॅब्लेटमध्येही जीपीएस असते, पण सर्वांत नसते. खोक्यावरची माहिती नीट वाचल्याशिवाय ते कळत नाही. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेतले आठ इंची टॅब्लेट या कामाला बरे, कारण ते दणकट असतात आणि त्यांची बॅटरी काढून दुसरी घालता येते.

आकाराबाबत मी जरा आग्रही आहे. सेसना १७२ मध्ये योक, म्हणजे विमान चालवण्याचे हँडल, आणि तुमचे गुडघे यांच्यात फार जागा नसते. अकरा इंची आयपॅड योकवर बसवला की खालचे स्विच आणि काही उपकरणे त्याच्याआड जातात, आणि मांडीवर ठेवला तर उतरताना योक पूर्ण मागे ओढताना तो आडवा येतो. आठ इंचांच्या थोडा वर असलेला मिनी दोन्हीकडे मावतो. तुमची संस्था डायमंड डीए४० वापरत असेल तर तिथे योक नसून दोन पायांमध्ये दांडा असतो, त्यामुळे योकवरचे माउंट निरुपयोगी ठरते आणि मांडीला बांधायचा नीबोर्ड नावाचा फलकही दांड्याची हालचाल अडवत नाही ना, हे जमिनीवरच दांडा सर्व बाजूंना फिरवून पाहावे लागते. काचेला चिकटणारे सक्शन माउंट इथल्या उन्हात कधी सुटेल याचा नेम नसतो. चुंबक असलेले कव्हर होकायंत्राजवळ आणू नये, त्याने सुई सरळ ढळते.

ॲरिझोनात टॅब्लेट निवडताना ज्याचा सर्वांत जास्त विचार व्हायला हवा ते म्हणजे ऊन. आयपॅड वापरण्यासाठी सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे ॲपल सांगते. फीनिक्समध्ये जून ते सप्टेंबर या काळात दुपारी सावलीतही ४० अंश सहज ओलांडले जातात, आणि काचेच्या घुमटाखाली, डांबरी मैदानावर उभ्या असलेल्या विमानात तर विचारूच नका. आयपॅड तापला की आधी पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी थंड होऊ द्या असा संदेश दाखवून काम करणेच सोडून देतो. तो बंद पडतो तो नेमका उन्हाच्या वेळी, म्हणजे त्याची गरज असतानाच. उपाय साधे आहेत. मागचे जाड कव्हर काढावे, उडण्यापूर्वी घरूनच पूर्ण चार्ज करून आणावा म्हणजे उन्हात चार्जिंगची वेळ येत नाही, पंखा असलेले माउंट मिळते ते वापरावे, आणि शक्य असेल तर सकाळी उडावे. उन्हाळ्यात सकाळी उडणे तसेही शहाणपणाचे, कारण तापलेल्या विरळ हवेत लहान विमान धावपट्टी सोडायलाही कुरकुरते. ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावत असाल तर पडदा काही कोनांतून काळा दिसतो. वैमानिकाने तसा चष्मा टाळणेच बरे.

गार्मिनचे एरा ७६० हे स्वतंत्र पोर्टेबल जीपीएस इथे उजवे ठरते. त्याचा सात इंची पडदा भर उन्हात वाचता येतो, ते कॉकपिटसाठीच बनवलेले आहे, त्यावर मध्येच कुणाचा संदेश येत नाही की रातोरात प्रणाली बदलत नाही. ज्यांचे स्वतःचे जुने विमान आहे, ज्याच्या पॅनेलमध्ये, म्हणजे समोरच्या उपकरणफलकात, जीपीएसच नाही, किंवा ज्यांनी स्वतः बांधलेल्या प्रायोगिक वर्गातल्या विमानात असे उपकरण तारेने ऑटोपायलटला जोडायचे आहे, त्यांनी ते अवश्य घ्यावे. पाच इंची एरा ६६० लहान पॅनेलमध्येही बसते. परंतु त्यांची किंमत बरीच जास्त आहे, एरा ७६० तर दीड हजार डॉलरच्या पुढे जाते, आणि उड्डाणाचा आराखडा बनवणे, वजन व समतोलाचा हिशेब, हवामान वाचणे, पुस्तके पाहणे ही विद्यार्थ्याची निम्मी कामे जमिनीवरची असतात, ती त्यावर टॅब्लेटइतक्या सोयीने होत नाहीत. तुम्हाला तरीही टॅब्लेट लागेलच. मग दोन्हींचा खर्च कशाला?

फीनिक्सभोवती उडताना टॅब्लेटचा खरा फायदा कुठे होतो ते सांगतो. स्काय हार्बर विमानतळाभोवतीचे क्लास बी हवाई क्षेत्र थराथरांचे आहे. मध्ये ते जमिनीपर्यंत येते आणि बाहेर जाताना त्याचा तळ टप्प्याटप्प्याने वर सरकतो. परवानगीशिवाय त्यात शिरता येत नाही, आणि आपण नेमक्या कोणत्या थराखाली आहोत हे कागदी सेक्शनल चार्टवर, म्हणजे १:५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर, धक्के खात असलेल्या विमानात ओळखणे नवशिक्याला जड जाते. पश्चिमेला ल्यूक हवाई तळ आहे, नैर्ऋत्येला गिला बेंडकडे बॅरी गोल्डवॉटर सरावक्षेत्राचे प्रतिबंधित भाग आहेत. हे सर्व पडद्यावर आपल्या विमानाच्या चिन्हासह दिसते तेव्हा डोक्यावरचा बराच भार हलका होतो. फक्त त्यासाठी चार्ट आधीच उतरवून घेतलेले असले पाहिजेत, कारण हवेत इंटरनेट धरून चालता येत नाही. अमेरिकेचे दृश्य-उड्डाणाचे, म्हणजे बाहेर पाहून उडण्याचे, चार्ट आता ५६ दिवसांनी नवे होतात आणि विमानतळांची व मार्गांची बरीचशी माहिती २८ दिवसांच्या चक्राने. आयपॅडची प्रणाली मात्र उड्डाणाच्या आदल्या रात्री अद्ययावत करू नये. ॲप त्या आवृत्तीवर नीट चालते याची खात्री होईपर्यंत थांबावे.

एडीएस-बी रिसीव्हर पहिल्या दिवशी घेण्याची गरज नाही, पण पुढे घ्यावासा वाटेल. अमेरिकेत ९७८ मेगाहर्ट्झवर हवामानाची माहिती जमिनीवरच्या केंद्रांतून मोफत प्रक्षेपित होते आणि आसपासची विमानेही पडद्यावर दिसतात. यात दोन मर्यादा आहेत. रडारचे पावसाचे चित्र पडद्यावर दिसते तितके ताजे नसते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्येच बजावले होते की ते लिहिलेल्या वेळेपेक्षा १५ ते २० मिनिटांनी जुने असू शकते, म्हणजे त्या चित्रातल्या दोन ढगांमधून वाट काढणे धोक्याचे आहे. दुसरे असे की सगळी विमाने त्यात दिसतीलच असे नाही, त्यामुळे नजर बाहेरच हवी. काही रिसीव्हरमध्ये कार्बन मोनॉक्साइड ओळखण्याची सोय असते. पिस्टन इंजिनाच्या विमानात केबिन तापवणारी हवा धुराड्याच्या नळ्यांभोवतून येते, तेव्हा थंडीत ही सोय मला हवामानापेक्षाही मोलाची वाटते.

कायद्याच्या दृष्टीने खाजगी उड्डाणात कागदी चार्टऐवजी टॅब्लेट वापरण्यासाठी अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेकडून, म्हणजे एफएएकडून, वेगळी मंजुरी लागत नाही. पण टॅब्लेट असो वा एरा, दोन्ही दृश्य-उड्डाणातली मदत आहेत. ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे उडण्यासाठी पॅनेलमध्ये बसवलेले प्रमाणित उपकरणच लागते. पडद्यावर अप्रोचचा, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याचा, मार्ग रेखलेला दिसतो म्हणून त्यावरून ढगात उतरता येत नाही. शिवाय न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावर जीपीएसमध्ये व्यत्यय आणण्याच्या चाचण्या होत असतात, त्यांची पूर्वसूचना प्रसिद्ध होते आणि त्यांचा परिणाम वरच्या उंचीवर ॲरिझोनातही जाणवू शकतो. परीक्षेतही जमिनीवरच्या खुणा, घड्याळ आणि होकायंत्र यांवरून मार्ग काढता येतो हे दाखवावे लागते, आणि परीक्षक तुमचा पडदा बंद झाला असे मानून चला म्हणू शकतो. म्हणून पहिली काही लांब उड्डाणे कागदी चार्टवर रेघ मारूनच आखावीत, असे मी सुचवेन.

भारताबाबत फार अपेक्षा ठेवू नका. टॅब्लेट आणि त्याचे जीपीएस चालेलच, पण अमेरिकेच्या सदस्यत्वात भारताचे तसे दृश्य-उड्डाणाचे चार्ट येत नाहीत, आणि ९७८ मेगाहर्ट्झवरचे मोफत हवामान भारतात प्रक्षेपितच होत नाही, तेव्हा रिसीव्हरचे निम्मे मोल सीमेवरच संपते. भारतातली अधिकृत वैमानिकी माहिती विमानतळ प्राधिकरण ऑनलाइन प्रसिद्ध करते, ती आयपॅडवर वाचता येते. गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी जी१००० ही पडद्यांची उपकरणप्रणाली बसवलेली डीए४० विमाने आहेत, तिथे पॅनेलच पुष्कळ काम करते, आणि कोणत्याही संस्थेत टॅब्लेट कितपत चालतो हे तिथल्या नियमांवर ठरते. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. ॲरिझोनाच्या निर्जन भागांवर उडताना अनेक जण गार्मिनचे इनरीच हे उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण जवळ ठेवतात आणि इथे ते योग्यच आहे. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ते बाळगणे बेकायदेशीर आहे, आणि त्यावरून परदेशी प्रवाशांना गोव्याच्या विमानतळावर अडवल्याच्या बातम्या २०२४ च्या अखेरीस आल्या होत्या. तुम्ही ते घेतलेच, तर परत येताना इथेच कुणाला तरी विकून या.