छोट्या शहरातल्या रहिवाशांसाठी हिवाळ्याचं पत्रक काढायचं आहे, त्यात काय लिहावं?

तुमचं शहर लहान आहे, हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो आणि रहिवासी मंडळाच्या पत्रकाचं काम यंदा तुमच्याकडे आलंय. स्पर्धांचे निकाल, कार्यक्रमांच्या तारखा आणि थंडीच्या सूचना एका कागदात कशा बसवायच्या, असं तुम्ही विचारलंय. मी हे काम नऊ वर्षं केलं. थंडीच्या सूचना पहिल्या पानावर घ्या, निकाल मागे गेले तरी कुणाचं काही अडत नाही. आणि प्रत्येक सूचनेला तिचं कारण जोडा. हे मी फार वाईट पद्धतीने शिकलो.

दुसऱ्या वर्षीच्या पत्रकात मी लिहिलं होतं, 'दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा, गार वारा आत येऊ देऊ नका.' त्या जानेवारीत एका संध्याकाळी आमच्याच गल्लीत एकटे राहणाऱ्या आजोबांकडे सहज डोकावलो. दार उघडायला त्यांना खूप वेळ लागला. दाराखाली टॉवेल कोंबलेला, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या घट्ट बसवलेल्या आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी. "दुपारपासून डोकं धरलंय रे, पित्त झालं असेल," म्हणाले. भिंतीचा आधार घेऊन उभे होते. त्यांना तसंच बाहेर मोकळ्या हवेत आणलं, मग दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, दोन दिवसांनी ते घरी आले. माझी सूचना त्यांनी शब्दशः पाळली होती. शेगडीबद्दल मात्र मी चकार शब्द लिहिला नव्हता.

म्हणून सगळ्यात मोठ्या अक्षरात हे छापा: बंद खोलीत कोळसा, लाकूड, काहीही जाळायचं नाही, जनरेटरही चालवायचा नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही लक्षणं, त्यामुळे लोकांना पित्त किंवा सर्दी-तापच वाटतो. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर उतरलं, तर तो कार्बन मोनॉक्साइडच समजा, हे वाक्य जरूर घाला. गॅस गीझर आणि धुराडं थंडीआधी तपासून घ्यायला सांगा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळत असेल तर झोपायच्या खोल्यांजवळ लावायला सांगा.

दुसरी जागा पाण्याच्या पाईपांना द्या, कारण ती तक्रार घरोघरी असते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि त्या दाबाने पाईप तडकतो. गंमत नाही, खरंच कळत नाही त्या रात्री. बर्फ वितळल्यावर घरात पाणी पसरतं तेव्हाच कळतं. बाहेरच्या भिंतीवरून गेलेल्या पाईपांना आधीच जाड आवरण गुंडाळायचं. कडाक्याच्या रात्री एखादा नळ बारीक धारेने चालू ठेवायचा. गोठलाच तर गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने किंवा हेअर ड्रायरने, नळाच्या बाजूकडून सुरुवात करत हळूहळू शेकायचा. तिथे पेटता काकडा कधीही न्यायचा नाही. आणि घराचा मुख्य कॉक कुठे आहे, तो हाताने फिरतो का, हे घरातल्या प्रत्येकाने थंडी पडायच्या आधीच एकदा फिरवून बघायचं. कितीतरी घरांत तो गंजून बसलेला असतो.

म्हाताऱ्या माणसांबद्दल नुसतं 'काळजी घ्या' लिहू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. घरात किमान 18 अंश तापमान असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो आकडा द्या. शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. माणूस अडखळत बोलतो, गोंधळतो, आणि हुडहुडी थांबते. हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटतंय असं घरच्यांना वाटतं, पण उलट तेव्हाच धावपळ करायची असते. ओले कपडे काढायचे, कोरड्या पांघरुणात गुंडाळायचं, डॉक्टरांना बोलवायचं. दारू द्यायची नाही आणि हातपाय चोळायचे नाहीत.

बाकीचं थोडक्यात आटपा. हीटर पडदे-पांघरुणांपासून निदान एक मीटर लांब. पुलावरचा रस्ता वरून आणि खालूनही गार होतो, म्हणून तो आधी गोठतो, तिथे गाडी हळू. पायऱ्यांवर मीठ टाकत असाल तर साधारण उणे 9 अंशांच्या खाली त्याचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा वाळू टाका. फ्लूची लस अंगी लागायला सुमारे दोन आठवडे जातात, म्हणून लसीची सूचना थंडीआधीच गेली पाहिजे. खरं तर सगळं पत्रकच तेव्हा हातात पडायला हवं. सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत गार दिवस एक नसतात, कडाका त्यानंतर काही आठवड्यांनी येतो, आणि तोवर लोकांनी कागद हरवलेला असतो. मी दुसरी प्रत तेव्हा पुन्हा वाटायचो, फक्त पहिलं पान.

एकट्या राहणाऱ्यांची यादी करा, पण ती पत्रकात छापू नका. कोण कुठे एकटं राहतं हे साऱ्या शहराला कळायला नको. यादी मंडळातल्या दोघा-तिघांकडेच राहू द्या आणि प्रत्येक नावापुढे जवळच्या एका शेजाऱ्याचं नाव लिहा. त्या घरी कागद दाराखालून सरकवायचा नाही. बेल वाजवायची, आत जायचं, पाच मिनिटं बसायचं. शेगडी कुठे ठेवलीय, खिडकी उघडते का, हे बसल्या जागेवरून दिसतं.