कॅलिबरच्या पोटातला पाय

दादरच्या एक अनुवादक बाई विचारतात: कादंबरीतला पोलीस अधिकारी कमरेला .38चं रिव्हॉल्व्हर बाळगावं की 9 एमएमचं पिस्तूल, कशाची ‘स्टॉपिंग पॉवर’ जास्त, यावर सहकाऱ्याशी वाद घालतो. तिथे ‘जास्त बोअरचं पिस्तूल’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘स्टॉपिंग पॉवर’ला ‘मारकशक्ती’ म्हणावं का?

बोअर अजिबात नको. ‘9 एमएम बोअरचे पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त’ हे वाक्य मुंबईच्या गुन्हेवार्तांत इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. आकड्यामागे बोअर शोभतं ते छऱ्यांच्या बंदुकीला. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची, सुमारे 18.5 मिमी व्यासाची. वीस बोअरची नळी त्याहून अरुंद. म्हणजे ‘जास्त बोअर’ म्हटलं की भोक लहान होतं! ज्याचं माप थेट मिलिमीटरमध्ये दिलंय त्याला ही शेपटी कशाला?

हवा तो शब्द कॅलिबर, म्हणजे नळीचा किंवा गोळीचा व्यास, आणि तो फार देखणा आहे. फ्रेंचांकडे तो अरबी ‘कालिब’वरून आला. कालिब म्हणजे साचा. उर्दूत आजही त्याच अर्थाने आहे. त्याच्याही मागे गेलं की ग्रीक ‘कालापूस’ भेटतो: ‘कालोन’ म्हणजे लाकूड, ‘पूस’ म्हणजे पाय. लाकडी पाय! कुर्ल्याच्या ठक्करबाप्पा कॉलनीत बूट शिवणारे कारागीर ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर चामडं ताणून खिळे मारतात, तो फर्मा. टाचेशी गोल, बोटांकडे निमुळता, आणि बुटाचा नंबर ठरतो तो त्याच्यावरून. आणि हा ‘पूस’ आपल्या घरातलाच. संस्कृत ‘पाद’ आणि मराठी ‘पाय’ त्याचेच भाऊबंद. पिस्तुलाचं कॅलिबर उच्चारताना आपण न कळत पायाचंच नाव घेतो.

काही जुन्या कोशकारांनी हा शब्द लॅटिन ‘क्वा लिब्रा’, म्हणजे ‘किती वजनाचा’, यावरून काढला. आजही विद्वान म्हणवणारे लोक ते उगाळतात. मला हे साफ अमान्य आहे. तोफगोळा वजनावर मोजत, एवढ्या एका आधारावर दोन लॅटिन शब्द चिकटवून तिसरा बनवायचा, ही व्युत्पत्ती नव्हे, जुळवाजुळव झाली. इंग्रजीत तर ‘माणसाची योग्यता’ हा अर्थ 1560च्या दशकातच सापडतो, नळीच्या व्यासाचा त्यानंतर, 1580च्या दशकात. तेव्हा ‘त्या कॅलिबरचा गायक’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांनी जरा थांबावं.

साचा हा अर्थ धरून ठेवला की तुमच्या अधिकाऱ्याचा वादही सुटतो. कॅलिबर रुंदी सांगतं, जोर नाही. .38 स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .357 इंच, म्हणजे 9.07 मिमी, 9 एमएमची 9.01. रुंदीत भांडायला जागाच नाही. .38 हा आकडा गोळी पुंगळीच्या बाहेरच्या मापाएवढी असायची त्या काळापासून चिकटलाय. आपल्याकडे ‘7.65’ आणि ‘पॉइंट थ्री टू’ ही दोन वेगळी हत्यारं असल्यासारखी छापतात. पिस्तुलात ते एकच काडतूस आहे. उलट .32च्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस निराळं, ते त्या पिस्तुलात चालत नाही. जोर ठरतो गोळीच्या वजनावर आणि वेगावर: .32च्या पिस्तुलाची गोळी सुमारे पावणेदोनशे ज्यूलची, 9 एमएमची साडेचारशे ते पाचशे. .45ची गोळी 15 ग्रॅमची, 9 एमएमच्या जवळजवळ दुप्पट जड, पण हळू. दोन्हींचा जोर जवळपास सारखाच भरतो. अमेरिकेच्या एफबीआयने 1986च्या मायामी चकमकीनंतर 9 एमएम अपुरं ठरवून 10 एमएम, मग .40 आणलं, आणि 2014नंतर पुन्हा 9 एमएमकडेच आले. गोळी किती खोल जाते आणि कुठे लागते यावर समोरचा थांबतो, हे त्यांना पटलं. शिवाय .40चा झटका मोठा आणि मॅगझिनमध्ये गोळ्या कमी. रोज कमरेला बाळगणाऱ्याला हे दोन्ही जाणवतं.

म्हणून ‘मारकशक्ती’ही नको. तासाभराने जीव घेणारी गोळी मारक असतेच, पण तोवर समोरचा चाकू घेऊन अंगावर येत राहतो. अधिकाऱ्याला तो तिथल्या तिथे थांबायला हवाय. ‘.38 जागीच लोळवतं का?’ असं त्याच्या तोंडी घाला. निवेदनात ‘जागीच थांबवण्याची ताकद’ पुरेल.