मल्टिमीटर ३ ओहम दाखवतो म्हणून मोटार रिवायंडिंगला देऊ नका

प्रश्न: विहिरीवर १ एचपीची सिंगल फेज मोटार आहे. मीटरच्या बोर्डापासून विहिरीपर्यंत २.५ चौरस मिमीची तांब्याची केबल, २५० मीटर. मोटार चालू असताना बोर्डावर २३० व्होल्ट येतात, मोटारीपाशी २०५. क्लॅम्प मीटरवर ६ अँपिअर. २०५ ला ६ ने भागलं की ३४ ओहम येतात, पण वायंडिंगला (मोटारीतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीला) मल्टिमीटर लावला तर फक्त ३ ओहम दाखवतो. मोटार तापतेही फार. वायंडिंग शॉर्ट झाली समजून रिवायंडिंगला द्यायची का?

उत्तर: नका देऊ. निदान एवढ्या आकड्यांवरून तरी नको. तुम्ही मोजमाप नीट घेतलंय, भागाकारही बरोबर आहे. फक्त तो मोटारीला लागू पडत नाही.

दाब (व्होल्ट) भागिले प्रवाह (अँपिअर) म्हणजे रोध (ओहम), हा नियम गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडला तो साध्या तारांवर प्रयोग करून. तार, केबल, हीटरची कॉइल यांना तो चोख लागू पडतो. मोटार फिरायला लागली की मात्र तिच्या वायंडिंगमध्ये बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे पुरवठ्याच्या विरुद्ध दाब तयार होतो आणि प्रवाह रोखून धरतो. तो नसता तर २०५ भागिले ३, म्हणजे ६८ अँपिअर वाहिले असते आणि वायंडिंग केव्हाच जळून गेली असती. मोटार ६ अँपिअरवर चालतेय, म्हणजे हा विरोध शाबूत आहे. मल्टिमीटरचे ३ ओहम हा नुसत्या तांब्याच्या तारेचा रोध. दोन्ही आकडे खरे, पण दोन वेगळ्या गोष्टींचे.

वायंडिंगची शंका असेलच तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन तपासायच्या मीटरने) वायंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध तपासून घ्या. तो १ मेगाओहमच्या खाली असेल तर खरी काळजी. आणि आजचे ३ ओहम वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेवढीच थंड मोटार २ दाखवू लागली तर आतले वेढे चिकटलेत असं समजा. मोजताना मोटार थंडच हवी, कारण तांबं ५० अंशांनी तापलं की त्याचा रोध साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो.

आता तुमच्या आकड्यांमधला मला खटकलेला आकडा. बोर्डावर २३०, मोटारीपाशी २०५. मधले २५ व्होल्ट गेले कुठे? इथे ओहमचा नियम बिनधास्त वापरा. २५ भागिले ६, म्हणजे वाटेतला रोध सुमारे ४.२ ओहम. या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून तार ५०० मीटर धरायची. म्हणजे केबलचे झाले ३.७ ओहम. उरलेला अर्धा ओहम केबलमध्ये नाही, कुठल्या तरी सांध्यात आहे.

अर्धा ओहम ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्याच्यावर ३ व्होल्ट पडतात आणि ३ गुणिले ६ म्हणजे १८ वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत साठते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी! स्टार्टरचं झाकण उघडलं की असा सांधा डोळ्यांना दिसतो: लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) काळवंडलेला, शेजारच्या वायरचं प्लॅस्टिक पिवळं पडून कडक झालेलं, स्क्रू बोटाने हलतो. मेन स्विच बंद करून, वीज नाही याची टेस्टरने खात्री करून मगच हात लावा. कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तोही आधी वायरमनकडून डिस्चार्ज करून घ्या. लग कापून नवा क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) घ्या. नुसता स्क्रू आवळून काळी पडलेली तार सुधारत नाही.

मोटार तापण्याचं मूळही मला याच घटलेल्या दाबात दिसतं. हीटरला दाब कमी मिळाला तर तो कमी वीज घेतो. मोटारीचं उलट आहे: पाणी तेवढंच उचलायचं असल्याने ती जास्त प्रवाह ओढते. आणि वायंडिंगची उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ६ अँपिअरला ३ ओहममध्ये १०८ वॅट, साडेसात अँपिअरला जवळजवळ १६९. म्हणून नेमप्लेटवरचा अँपिअर बघा आणि ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटार बंद करणारा भाग) तेवढ्यावरच ठेवा. ट्रिप होते म्हणून रिलेचा आकडा वर सरकवणं म्हणजे मोटारीचा पहारेकरी घरी पाठवणं. कृपा करून तसं करू नका.

विजेचा हिशोब: २०५ गुणिले ६ म्हणजे १२३०, पण हे सगळे वॅट नव्हेत. मोटारीला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती हिस्सा खरी वीज म्हणून खर्च होतो त्या आकड्याने, गुणावं लागतं. तो ०.८५ धरला तर सुमारे १०४५ वॅट. वाटेतले २५ गुणिले ६, म्हणजे १५० वॅट वेगळे. ते पाण्यासाठी नाहीत, निव्वळ केबल आणि सांधे तापवण्यात जातात. रोज चार तास मोटार चालली तर दिवसाला ०.६ युनिट. केबल ४ चौरस मिमीची घातली तर तिचा रोध ३.७ वरून २.३ ओहमवर येतो आणि त्याच ६ अँपिअरला केबलमधली घट २२ वरून १४ व्होल्टवर.

पण केबल बदलण्याआधी सांधा. तो दुरुस्त झाला की मोटार चालू असताना दोन्ही टोकांचे व्होल्ट पुन्हा मोजा आणि मला कळवा. फरक २२च्या आसपास आला तर बाकीचा दोष केबलच्या जाडीचा आहे.