जुन्या जी३१ मदरबोर्डवर नवा लिनक्स कर्नल सुरू होत नाही. बोर्ड बदलावाच लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नारायण पेठेतल्या एका वाचनालयात २००८ सालचा पीसी आहे. इंटेल जी३१ चिपसेटचा बोर्ड, कोअर २ ड्युओ, २ जीबी रॅम. डेबियन ही लिनक्स प्रणाली आवृत्ती १२ वरून १३ वर नेल्यापासून ग्रबच्या, म्हणजे कर्नल निवडायच्या सुरुवातीच्या मेनूच्या, पुढे स्क्रीन काळी. ग्रबमधून आधीचा कर्नल (लिनक्सचा हार्डवेअर चालवणारा गाभा) निवडला की मात्र सगळं सुरळीत. दुकानदार म्हणाला, "लिनक्सने हा बोर्ड सोडला, नवा घ्या."

एवढ्यावरून नवा घेऊ नका. मी पुण्यातच जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देतो आणि हे वाक्य मला फार वेळा ऐकू येतं. आधीचा कर्नल चालतोय, म्हणजे बोर्ड बहुतेक धडधाकट आहे. अडचण दोन कर्नलच्या मधे जे बदललं त्यात शोधायची.

कर्नलमधून हार्डवेअर काढतात, नाही असं नाही, पण ते फारच जुनं झाल्यावर. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ वर लिनक्स लिहायला घेतलं, तो प्रोसेसर २०१३ साली कर्नल ३.८ मधून गेला. डिस्क चालवायची जुनी आयडीई यंत्रणा २०२१ मध्ये ५.१४ मधून गेली, पण तुमच्या बोर्डावरची डिस्क सांभाळणारी आयसीएच७ चिप त्याच्या कितीतरी आधीपासून वेगळ्या ड्रायव्हरवर चालते, त्यामुळे तुम्हाला त्याचा काही फरक पडला नाही. जुन्या मशीनना दार लावतात ते बहुधा डिस्ट्रोवाले, म्हणजे कर्नलभोवती पूर्ण प्रणाली बांधून देणारे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ कोअर २ वर चालतच नाही, कारण त्याला लागणाऱ्या एसएसई ४.२ सूचना या प्रोसेसरमध्ये नाहीत. डेबियन १३ ने ३२ बिटचा कर्नल आणि इन्स्टॉलर बंद केला. तुमचं ६४ बिटच असणार, नाहीतर १३ चा कर्नल आलाच नसता.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. स्क्रीन काळी झाली की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो? मग कर्नल जिवंत आहे, फक्त चित्र येत नाही. दिवे आपोआप लुकलुकत असतील तर कर्नल पॅनिक झालाय, म्हणजे गंभीर चुकीमुळे थांबलाय. आणि दिवा ढिम्म हलत नसेल तर मशीन आधीच कुठेतरी अडकलंय.

मग ग्रबमध्ये नव्या कर्नलवर येऊन 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'क्वाएट' असेल, सोबत कदाचित 'स्प्लॅश'ही. दोन्ही खोडा आणि एफ१० दाबा. अक्षरं धावायला लागतील. ती जिथे थांबतील तिथला मोबाईलवर फोटो काढा. या शेवटच्या आठ-दहा ओळी सगळ्यात महत्त्वाच्या. त्यात 'आय९१५' (इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर) किंवा 'डीआरएम' (कर्नलची ग्राफिक्स यंत्रणा) दिसलं तर भांडण ग्राफिक्सचं आहे. 'एटीए१' ची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, तीच तक्रार पुन्हापुन्हा येत असेल तर साटाची केबल बदलून बघा. डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) सापडत नाही म्हणून इनिटरॅमएफएसच्या (कर्नलसोबत सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या फाइल-संचाच्या) प्रॉम्प्टवर आलात, तर जुन्या कर्नलमध्ये जाऊन इनिटरॅमएफएस नव्याने बनवा.

तुमच्या वर्णनावरून मला ग्राफिक्सचाच संशय येतो. त्याच ओळीत 'नोमोडसेट' हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला ठेवणारा एकच शब्द घालून सुरू करा. चित्र ओबडधोबड येईल, कदाचित नुसतं अक्षरांचं लॉगिन येईल, पण आलं तर संशय पक्का. हा इलाज नव्हे, निदान आहे. त्याच्यावरच मशीन कायम चालवू नका. इंटरनेटवर सापडलेले 'एसीपीआय=ऑफ', 'नोएपिक' वगैरे सगळे एकदम तर मुळीच घालू नका. एसीपीआय (वीज आणि हार्डवेअर सांभाळायची व्यवस्था) बंद केलं की मशीन नीट बंद होत नाही, शिवाय कशाने फरक पडला तेही कळत नाही. एका वेळी एकच बदल.

जाता जाता बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदला, तपकीर गल्लीत सहज मिळते. ती मेली की बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) मूळ सेटिंगवर जातं, घड्याळ मागे पडतं आणि एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेज टाकायचं साधन, अपडेट नाकारतं. लोक त्याचंही खापर कर्नलवर फोडतात. प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर डोक्याला फुगलेले असतील तर मात्र दुकानदाराचं ऐकावं लागेल.

ग्राफिक्सचंच निघालं तर डेबियन १३ च्या बॅकपोर्ट्समधला (नव्या आवृत्त्यांच्या जादा साठ्यातला) आणखी नवा कर्नल टाकून बघा. बिघाड पुढे दुरुस्त झालेला असतो असं बऱ्याचदा घडतं. तोवर चालणारा कर्नल 'एपीटी-मार्क होल्ड' लावून अडकवून ठेवा, नाहीतर साफसफाईत उडेल. तेही जमलं नाही तर सरळ डेबियन १२ परत टाका. त्याला ६.१ कर्नल आहे आणि दीर्घ मुदतीच्या सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. वाचनालयाला तेवढं पुरे.

आणि डेबियनकडे बग नोंदवाच. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कर्नलचे नंबर, तो फोटो, आणि जुन्या कर्नलमध्ये 'एलएसपीसीआय' या आज्ञेला 'एनएनके' जोडून आलेली यादी द्या. कोणत्या चिपला कोणता ड्रायव्हर लागलाय ते त्यात दिसतं. बोर्डाचं नेमकं नाव आणि बायोसची आवृत्तीही लिहा. आय९१५ ड्रायव्हरमध्ये अशा मशीनची नावानिशी यादी आहे, ज्यांचं बायोस लॅपटॉपचा पडदा जोडलेला नसतानाही तो आहे म्हणून सांगतं, आणि ड्रायव्हर ते नाव दिसलं की बायोसवर विश्वास ठेवत नाही. अशा याद्यांमध्ये नावं जातात ती कोणीतरी बोर्ड समोर ठेवून कळवल्यामुळेच.